लाल चिप की निळी?

मित्रांनो, सायबर कॅफेत बसून लिहितोय. हाताला अजून डिझेलचा वास आहे.

बाबांची जुनी डिझेल पिकअप भरली की गायमुखच्या चढावर धापा टाकते. बाबा ती विकायला निघालेले. मीच म्हटलं, इंजिनाला जास्त डिझेल सोडायला सांगणारी चिप मिळते, ती बसवू, ओढ वाढेल. माझा शाळेपासूनचा मित्र नितीन ठाकुर्लीत गाड्यांचं वायरिंग करतो. त्याने चिपच्या दोन डब्या दाखवल्या: लाल ताकदीला, निळी मायलेजला. खूप विचार करून मी लाल निवडली, पैसे मोजले आणि त्याने ती बसवली.

आज भरलेली गाडी त्याच चढावर बंद पडली. बाबांनी तिथूनच एका गिऱ्हाइकाला फोन लावला. मी डबी उघडली. आत नुसता एक लाल दिवा होता, बॅटरीला जोडलेला.

नितीनला गाठलं. तो हसला.

"अरे येड्या, या गाडीत कॉम्प्युटर कुठाय? चिप सांगणार कोणाला?"

"मग निळीत काय होतं?"

"निळा दिवा. एकच दाखवली असती तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस. दोन दाखवल्या, तर रंगच विचारत बसलास."

उद्या गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय. माझा स्वभाव सगळ्यांत जास्त ज्याला ठाऊक, त्यानेच तो वापरला. अशा मित्राशी तुम्ही पुन्हा बोलला असतात का?