चौथी फेरी

"बिल कुठंय सायकलचं?"

तो माणूस माझ्याशी बोलतोय हे आधी मला कळलंच नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशीची सायकल-तपासणी चालली होती. माझ्यापुढं रांगेत आठ-दहा जणी होत्या. त्यांच्या सायकलींचे ब्रेक दाबून बघितले, हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला, नंबर चिकटवला आणि आत सोडलं. बिल कुणालाच विचारलं नव्हतं.

"बिल न्हाय, साहेब. जुनी हाय. सोलापुरात बनवून घेतलीय."

"बनवून?" त्यानं सायकलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग माझ्या पायातल्या रबरी चपलांकडं. "ही फ्रेम कुठल्या कंपनीची आहे, काय किमतीची असते, माहितीय का तुला?"

बाकीच्यांना तो 'मॅम' म्हणत होता. मला 'तू'.

माझ्या शेजारच्या बाईनं जमिनीवर ठेवलेली तिची बॅग उचलून खांद्याला लावली. मी बघितलं ते. तिनंही बघितलं की मी बघितलं.

माझ्यामागं दोन नंबर सोडून आमच्या मॅडम उभ्या होत्या. सोलापूरच्या ज्या क्लबच्या पोहण्याच्या टँकवर मी काम करते, तिथल्या त्या सभासद. त्यांच्याच ग्रुपबरोबर मी आले होते. मी मागं वळून बघितलं. आता त्या सांगतील म्हणून.

त्या माणसानंही त्यांनाच विचारलं, "मॅम, ही तुमच्याबरोबर आहे?"

"हो, आमच्या टँकवर कामाला असते," मॅडम म्हणाल्या. "सायकलचं मात्र मला काही माहीत नाही हं."

तो 'हं' अजून माझ्या कानात आहे.

शेवटी त्यानं माझं आधार कार्ड ठेवून घेतलं. स्पर्धा झाली की परत मिळेल म्हणाला. मी दिलं. मुकाट्यानं दिलं, सायकल आत नेऊन लावली आणि समुद्राकडं तोंड करून उभी राहिले, म्हणजे कुणाला माझं तोंड दिसायला नको.

समुद्र मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला. लोक म्हणतात पहिल्यांदा बघितला की माणूस हरखतो. मला राग आला. एवढं पाणी. आणि आमच्याकडं टँकर आला की बायका भांडी घेऊन पळतात.

माझं माहेर सांगोल्याच्या बाजूला. मेंढरं राखणारं घर. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. ज्या साली बंधाऱ्यात पाणी असेल त्या साली एकेक मेंढरू पाण्यात लोटायचं, त्याच्याबरोबर आपणही शिरायचं आणि चोळत चोळत त्याला पलीकडच्या काठाला न्यायचं. भ्यालेलं मेंढरू पाण्यात लाथा झाडतं. त्या लाथा चुकवत मी पोहायला शिकले. कुणी शिकवलं नाही. बुडायचं नव्हतं म्हणून शिकले.

लग्न होऊन सोलापुरात आले. क्लबच्या टँकवर बायकांच्या वेळेला एक बाई पाहिजे होती. काम असं सांगितलं की फरशी धुवायची, धरून पोहायच्या फळ्या काढून द्यायच्या, कुणी घाबरलं तर हात द्यायचा. हळूहळू शिकवायचं कामही माझ्यावरच आलं. कोच पुरुष. तो बायकांच्या वेळेला बाहेर ऑफिसात बसायचा. शिकवायची मी, रजिस्टरवर सही त्याची. मॅडमना पाण्याची भीती होती. सहा महिने रोज त्या माझं मनगट धरून पाण्यात उतरायच्या. नखं रुतायची. त्या पोहायला लागल्या तेव्हा क्लबात पेढे वाटले. कोचला शाल दिली.

मग त्यांच्या ग्रुपला या ट्रायथलॉनचं वेड लागलं. समुद्रकाठच्या मोठ्या शहरातली स्पर्धा. आधी समुद्रात साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं. छोट्या अंतराची म्हणतात हिला. ग्रुपमधल्या एकीचा पाय मुरगळला. तिची जागा रिकामी राहिली. मॅडम म्हणाल्या, "अगं, तूच चल की. तिच्या जागी तुझं नाव घालते. तुला तेवढंच फिरणं होईल."

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "फुकाट कशाला नेत्यात तुला? काय काम सांगणार हायती, ते इचारलंस का?"

मी नव्हतं विचारलं. पण आईचा संशय खरा होता. गाडीत मला शेवटच्या सीटवर सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसवलं. मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांचे ओले कपडे माझ्याकडं आले. मी पिळले, वाळत घातले. मनात म्हणलं, असू दे. स्पर्धेत तरी नंबर माझा आहे.

सायकल रफीकभाईंनी बनवली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. पंधरा वर्षांपूर्वी भंगारात आलेली एक वाकडी फ्रेम त्यांनी जपून ठेवली होती. ती सरळ केली, रंगवली, वेगवेगळ्या सायकलींचे गिअर, चाकं बसवली. दीड महिना मी रोज पहाटे तिच्यावरनं होटगी रोडला जायची, परत येऊन पळायची, मग कामावर. सायकल हातात देताना रफीकभाई म्हणाले होते, "भाभी, हिला कुणी नाव ठेवलं तर माझ्याकडं पाठवा. एकेक नट मैंने अपने हाथ से कसा है." त्यांना फोन लावून द्यावा असं रांगेत उभी असताना मनात आलं होतं. पण त्या माणसानं त्यांचं नाव ऐकलं असतं आणि आणखी चार प्रश्न विचारले असते. मी फोन पिशवीतनं काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा सुरू झाली.

शिट्टी झाली तशा सगळ्या एकदम पाण्यात शिरल्या. हात, पाय, कोपरं. एकीची टाच माझ्या नाकावर बसली. खारट पाणी घशात गेलं. दोन-तीन जणी घाबरून मदतीच्या होडीला जाऊन लटकल्या. मला मात्र हे ओळखीचं होतं. लाथा खात पुढं जायचं, एवढंच तर मला येत होतं. पाण्यात नारंगी रंगाचे मोठे फुगे सोडले होते. त्यांना वळसा घालायचा होता. दुसऱ्या फुग्यानंतर माझ्यापुढं चारच टोप्या दिसत होत्या.

बाहेर आले. ओल्या कपड्यानिशी सायकलीवर बसले. समुद्राच्या कडेचा रस्ता, पाच किलोमीटरची एक फेरी, अशा चार. रस्त्यावर एके ठिकाणी काळी पट्टी अंथरलेली होती. आपल्या घोट्याला चिप बांधलेली असते. त्या पट्टीवरनं गेलं की फेरीची नोंद होते. दरवेळी टूं असा आवाज यायचा. मी मोजत होते. एक. दोन. तीन. तिसऱ्या फेरीत समोरनं वारा आला. मांड्या पेटल्या होत्या. भारी सायकलींवरच्या दोघींना मी त्या वाऱ्यात मागं टाकलं. त्यातल्या एकीनं मान वळवून माझ्या सायकलीकडं बघितलं. चार. टूं.

मग पळणं. त्याचं काय सांगू. मेंढरामागं पळालेल्या पायांना सपाट डांबर लागलं होतं.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा माझ्या वयाच्या गटात दुसरी आले असं एका बाईनं सांगितलं. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. हसू येत होतं. रडूही येत होतं. कुणाला तरी सांगावं म्हणून मॅडमना शोधत होते.

तेवढ्यात भोंग्यावर आवाज आला.

"नंबर एकशे बारा. तुमचा निकाल राखून ठेवण्यात आला आहे. सायकलची एक फेरी कमी केल्याची तक्रार आहे. ताबडतोब आयोजकांच्या तंबूत या."

एकशे बारा माझ्या छातीवर होता. माझ्या दंडावरही काळ्या शाईनं लिहिलेला होता. माझ्या आजूबाजूच्या माणसांनी आधी छातीकडं बघितलं, मग तोंडाकडं.

तक्रार कुणी केली ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी तंबूत गेले तेव्हा मॅडम तिथनं बाहेर पडत होत्या. त्या पाणी प्यायला गेल्या असतील. त्या माझ्याकडं न बघता गेल्या. मी आरोप करत नाही. माझा संशय आहे. संशय घ्यायचा हक्क काय फक्त त्यांनाच आहे?

आदल्या दिवशीचाच माणूस तिथं होता. मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "खरं सांग. घाईत राहिली असेल एखादी फेरी. कबूल केलंस तर पुढं काही करणार नाही आम्ही."

"चार केल्या."

"तुझी सायकल बघता एवढ्या वेळात चार फेऱ्या शक्य नाहीत."

"चार केल्या, साहेब. चिप बघा."

"बघू. मशीन दुसऱ्या गटाच्या कामात आहे."

मी बसले. ओले कपडे अंगावरच वाळले. मिठानं काखा सोलवटल्या होत्या. बाहेर सगळे उपमा, केळी खात होते, फोटो काढत होते. तंबूच्या तोंडाशी येऊन लोक आत डोकावायचे. एकानं दुसऱ्याला विचारलं, "हीच का ती?" दुसरा म्हणाला, "हीच."

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझं मलाच सगळं स्वच्छ दिसायला लागलं. कार्ड मागितलं, मी दिलं. कपडे दिले, मी पिळले. रजिस्टरवर दुसऱ्याची सही, मी गप्प. मी जितकी गप्प बसत गेले तितकं त्यांना खरं वाटत गेलं की हिच्याकडं बोलण्यासारखं काही नाहीच. मला कार्ड ठेवून घेणाऱ्याचा राग आला. त्याहून जास्त कार्ड देणाऱ्या बाईचा आला.

तासाभरानं संगणकावरची मुलगी आली. पडद्यावर बघून म्हणाली, "सर, एकशे बाराच्या चारही फेऱ्या आहेत. सगळ्या वेळा व्यवस्थित आहेत."

तो माणूस पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. त्याला काही सापडलं नाही. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "चला, बरं झालं. या, मेडल घ्या. हे तुमचं कार्ड. एक फोटो काढू आपण." 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं.

मॅडमही आल्या. माझ्या खांद्यावर हात टाकला. "बघ, मी म्हणत नव्हते? आमच्या सोलापूरची आहे ती. चल, सगळे गाडीत थांबलेत."

मी कार्ड घेतलं. खांद्यावरचा हात काढला. मेडल घेतलं नाही.

"भोंग्यावर सांगा," मी म्हणाले.

"काय?"

"माझा नंबर सगळ्यांपुढं पुकारलात. आता तक्रार खोटी होती म्हणून सगळ्यांपुढं सांगा."

"अहो, गर्दी पांगली आता. कोण ऐकणार?"

"जे उरलेत ते ऐकतील."

मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "किती ताणतेस गं! मिळतंय ना मेडल? आमची लाज काढू नकोस."

"मॅडम, लाज माझी गेलीय. तुमची न्हाय."

मी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसले. गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी उठले नाही. शेवटी त्यानं माइक घेतला आणि घाईघाईनं बोलला, "एकशे बारा नंबरबाबत तांत्रिक गैरसमज झाला होता…"

"गैरसमज न्हाय," मी खुर्चीवरनंच ओरडले. माइकमध्ये माझाही आवाज गेला. "तक्रार खोटी होती म्हणा."

खुर्च्या गोळा करणारे, केळीच्या साली भरणारे, सगळे थांबले. तो म्हणाला, "नंबर एकशे बारा यांच्याविरुद्धची तक्रार खोटी ठरली आहे. त्यांनी चारही फेऱ्या पूर्ण केल्या आहेत. त्या आपल्या गटात दुसऱ्या आल्या आहेत."

मग मी मेडल घेतलं. फोटो काढू दिला नाही. सोलापूरपर्यंत गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. मीही कुणाची बॅग मांडीवर घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी क्लबच्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "बसा," म्हणाले. सात वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बसायला सांगितलं. चहा मागवला. तेव्हाच मी सावध झाले. आता मला कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडं बघते. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"काही नाही, एक सही. सभासदांची समजूत घालायला."

मी सातवीपर्यंत शिकलेय. सावकाश, बोट ठेवून वाचलं. स्पर्धेच्या ठिकाणी माझ्याकडून उद्धटपणा झाला. त्याबद्दल मी दिलगीर आहे. माझी कोणाविषयीही काहीही तक्रार नाही.

"सही केली नाही तर मला तुम्हाला बायकांच्या बॅचवर ठेवता येणार नाही," साहेब म्हणाले. "विचार करा. नोकरी पाहिजे की नको?"

"पायजे."

"मग?"

मी कागद उलटा करून त्यांच्याकडं सरकवला. चहा तसाच होता. उठून उभी राहिले.

"ह्यातलं एक वाक्य खोटं हाय, साहेब. माझी तक्रार हाय."

आता मी टँकच्या मागं, पाणी गाळायच्या मशीनच्या खोलीत काम करते. तिथं क्लोरीननं डोळे चुरचुरतात. बायकांच्या बॅचला दोन महिन्यांत कुणी नवीन पोहायला शिकलेली नाही, हे मला माहीत आहे. माझी तक्रार मी माझ्या हातानं लिहिली. अक्षर वाकडं आहे, मजकूर सरळ आहे. रांगेत काय विचारलं, कुणाला विचारलं नाही, भोंग्यावर काय म्हणाले, रजिस्टरवर सही कुणाची असते, सगळं लिहिलं. एक प्रत आयोजकांना. एक क्लबच्या कमिटीला. एक कामगार ऑफिसात, तिथं हातात पोच घेतली.

साहेब दर आठवड्याला निरोप पाठवतात, अर्ज मागं घ्या, जुनी जागा देतो. मी मागं घेणार नाही. जुन्या जागेवर गेले तरी घेणार नाही. काढून टाकलं तरी घेणार नाही.