पाटलाचे आठ दिवस

अकोल्यात हुक्क्याची तंबाखू घ्यावी तर माणिकबाई माळणीची. मळ्यातली पानं ती कुटायची, काकवीत कालवायची, मडक्यात दाबून तोंड शेणमातीनं लिंपायची आणि मडकी छपरीच्या भुईत पुरायची. दोन पावसाळे गेल्याशिवाय ती कोणाच्या बापाला मडकं उघडून देत नसे.

अठराशे त्रेसष्टच्या शिमग्याला पाच मडकी निघायची होती. नेमकी तेव्हाच माणिकबाई लेकीच्या बाळंतपणाला मोर्शीला गेली, आणि शेजारच्या खुशालराव पाटलांनी छपरी रिकामी पाहून तिथं आढ्यापर्यंत कापूस भरला. अमेरिकेतल्या लढाईमुळं तिकडचा कापूस अडला होता, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि तो आणखी चढेल अशी त्यांना आशा होती.

"पाटील, खाली माही मडकी हायेत," परतल्यावर ती म्हणाली.

"आठ दिवसात उचलतो, माणिकबाई."

भाव चढत राहिला, खुशालराव थांबत राहिले. गिऱ्हाइकांना तिचं एकच उत्तर असायचं, "कापसाखाली हाये. पाटलाले विचारा." असे आणखी दोन पावसाळे गेले. मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव धाडकन पडला, आणि उंदरांनी पोखरलेला पिवळा कापूस खुशालरावांनी मुकाट्यानं उचलला.

माणिकबाईनं मडकं उकरून काढलं. तंबाखू काळीभोर, लोण्यासारखी मऊ झाली होती. पहिली चिलीम तिनं खुशालरावांच्याच हुक्क्यावर चढवली. दोन झुरके घेऊन त्यांनी चिलमीत वाकून पाहिलं.

"अशी तंबाखू जन्मात ओढली नाई. काय टाकलं वं इच्यात?"

"काई नाई," माणिकबाई म्हणाली. "तुमचे आठ दिवस मुरले."