डावी सीट रिकामी असली की

गेल्या दसऱ्याला मी गाडीच्या इंजिनात नारळाचं पाणी ओतलं. चुकून सांडलं नाही... बोनेट उघडून, नीट वाकून, शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. गाडीला हार सगळेच घालतात, नारळही फोडतात. पण आत मशीनपर्यंत तीर्थ पोचवणारा आख्ख्या पुनावळ्यात मी एकटाच निघालो.

आणि हा माणूस कोण, तर चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत एकोणतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढून निवृत्त झालेला. भूतबित, करणी, संकेत, माझा कशावरच विश्वास नाही, नव्हता. पूजा बायको करायची. शैला मार्चमध्ये गेली, म्हणून यंदा मी केली, एवढंच. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचायचो आणि मनसोक्त हसायचो. आज माझाच लिहायला बसलोय.

गाडी जुनी, पंचवीस वर्षांची. पांढरी, छोटी, कार्ब्युरेटरवाली. आमची मुक्ता जन्मल्यावर हॉस्पिटलमधून घरी आली ती हिच्यातूनच. डिसेंबरात गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं. आरटीओच्या तपासणीत पास झाली तर पुढची पाच वर्षं आमची, नाहीतर भंगारात. शैलाच्या साड्या मुक्ताने मावश्यांना वाटून टाकल्या होत्या, कपाट रिकामं झालं होतं. गाडी तेवढी मला ठेवायची होती. बाकी काही मागणं नव्हतं.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी खोकत खोकत दापोडीला नेली, रुळांपलीकडच्या गल्लीत, हनीफभाईंच्या गॅरेजवर. हनीफभाई हिची पहिल्यापासूनची नस ओळखणारे. त्यांची एक पद्धत आहे — बोनेट लगेच उघडत नाहीत. आधी डाव्या सीटवर बसतात, गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. आधी कान, मग पाना.

परत आल्यावर त्यांनी प्लगांना करंट वाटून देणारी ती डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली आणि आत बोट फिरवलं.

"जगताप साहेब, हे चिकट काय आहे?"

"नारळाचं पाणी."

त्यांनी बोट हुंगलं. "खोबरं नाही टाकलं?"

टोपी पुसली, वाळवली, गाडी गुणी बाळासारखी चालायला लागली. हसण्यासारखा भाग इथे संपला.

आठवड्याभराने डांगे चौकात सिग्नलला गाडी थरथरायला लागली. मग धाप लागल्यासारखी करून बंद. खाली उतरलो, बोनेट उघडलं, एक वायर हलवून पाहिली, परत बसलो... पहिल्याच स्टार्टरला चालू! मला वाटलं, मीच दुरुस्त केली. दोन दिवसांनी नाशिक फाट्याला तेच. तिथे दुसरी वायर हलवली. पुन्हा चालू. असा मी महिनाभर माझ्या हाताच्या गुणावर खूश होतो.

हनीफभाईंनी फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, प्लगच्या वायरी नव्या टाकल्या. पण खरी पंचाईत वेगळीच होती — ते शेजारी बसले की गाडीला काही होतच नव्हतं. तीनदा त्यांना घेऊन पिंपरीपर्यंत जाऊन आलो. घड्याळासारखी चालली.

"तुम्हाला घाबरते बघा ती," मी म्हटलं.

"गाडी कुणाला घाबरत नाही साहेब. रोग लपतोय."

घरी मुक्ता म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना आता. सिग्नलला तुम्ही एकटे अडकलात की माझा जीव ऑफिसमध्ये टांगणीला लागतो."

मी ऐकलं नाही. मी क्वालिटीवाला! कंपनीत माल नापास झाला की आम्ही 'व्हाय-व्हाय' करायचो. एका कागदावर पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण सापडतं. मी वही आखली. कुठे बंद पडली, इंजिन गार की गरम, टाकीत पेट्रोल किती, सोबत कोण. चौदा नोंदी झाल्यावर मुक्ताला दाखवली, मोठ्या अभिमानाने.

तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "बाबा, शेवटच्या रकान्यात सगळीकडे 'कोणी नाही' लिहिलंय."

"मग? नव्हतंच कोणी."

"चौदाच्या चौदा वेळा?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुक्ता सोबत असताना, हनीफभाई असताना, एकदा तर शेजारच्या काकूंची दळणाची पिशवी डाव्या सीटवर होती तेव्हासुद्धा — गाडी ठणठणीत. बंद पडायची ती फक्त डावी सीट रिकामी असली की.

पुढच्या खेपेला हनीफभाईंनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. काळेकुट्ट, पेट्रोलने ओले.

"चोक ओढून चालवता काय?"

ज्यांना चोक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून जास्तीचं पेट्रोल सोडणारा एक नॉब जुन्या गाड्यांत असायचा. आमच्या गाडीत तो स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, खाली आहे. गरम इंजिनावर तो बाहेर राहिला की पेट्रोल जास्त होतं, गाडी थरथरते आणि बंद पडते.

"मी काय खुळा आहे का?" असं म्हणणार होतो. पण नारळाच्या प्रकरणानंतर तो प्रश्न विचारायची सोय राहिली नव्हती.

हनीफभाईंनी नॉब ओढून बघितला. केबल कडक होती, ओढायला चांगला जोर लागत होता. "हा आपोआप नाही येणार बाहेर," ते म्हणाले. मग पान्यांची पिशवी त्या नॉबला अडकवली. नॉब हळूहळू बाहेर आला, दोन बोटं. ते हसले, आणि हसता हसता थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी पर्स लावायच्या इथे."

लावायची. डाव्या सीटवर बसली की पहिलं काम तेच. शैला शाळेत शिक्षिका, पर्समध्ये निम्मं घर... पाण्याची बाटली, छत्री, तपासायचे पेपर, माझ्या बीपीच्या गोळ्या. वीस वर्षं मी सांगत आलो, चोक म्हणजे खुंटी नाही. ती म्हणायची, "मग दुसरी खुंटी कुठंय ते दाखवा."

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही देहूला तिच्या भावाकडे साखरपुड्याला चाललो होतो. तळवड्यात गाडीने गचके दिले आणि मी ओरडलो. चांगला ओरडलो. "मारलंस इंजिन! काढ ती पर्स तिथून. पुन्हा दिसली तर खिडकीतून फेकून देईन." तिने पर्स काढली, मांडीवर घेतली, वर दोन्ही हात ठेवले. जाताना तशीच, येताना तशीच. आठव्या दिवशी सकाळी ओट्यापाशी गेली, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत. त्यानंतर आम्ही गाडीत एकत्र बसलोच नव्हतो. ती शेवटची फेरी.

गचक्यांचं कारण पर्सच होतं. बरोबर मीच होतो. त्या बरोबर असण्याचं आता काय करू, सांगा.

कंपनीत बोल्ट आवळला की त्यावर मार्करने पिवळी रेघ मारतात, बोल्ट हलला की रेघ तुटते. घरी येऊन मी नॉबवर तशी रेघ मारली. मंगळवारी सकाळी अकराला एकटाच निघालो. रावेतच्या पुलाअलीकडे गाडी थरथरली आणि मी पहिल्यांदा बोनेटकडे न धावता खाली बघितलं.

रेघ तुटली होती. नॉब दोन बोटं बाहेर. टोक किंचित खाली झुकलेलं, आणि रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर हलकंसं झुलत होतं. मी त्याखाली हात नेला. काही नव्हतं. रिकामी हवा.

नॉब आत ढकलावासा वाटला नाही. गाडी बंद पडली. मी मोठ्याने म्हणालो, "राहू दे. राहू दे तिथंच." मागे हॉर्नचा गोंधळ. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन ओरडला, "ओ काका, झोपलात का?" मी वर बघितलं, त्याला हात केला, परत खाली बघितलं. नॉब आत होता. गाडी पहिल्या स्टार्टरला चालू.

तपासणी चार दिवसांवर आलेली. मी दापोडी गाठली, हनीफभाईंना तळवड्यातल्या ओरडण्यापासून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "केबल कार्ब्युरेटरपासून काढून टाकू का? मग नॉब कितीपण बाहेर येऊ दे, इंजिनला कळणार नाही. गाडी पास होईल." आणि टोपी परत घालत, "विचार करून सांगा."

मी विचार केला नाही. "काढा," म्हटलं.

गाडी पास झाली. पाच वर्षं मिळाली. मुक्ताने पेढे आणले.

पण त्या दिवसापासून नॉब हललेला नाही. पिवळी रेघ पुन्हा मारली, ती जशीच्या तशी. पंधरा दिवस मी एकटाच फिरलो, डांगे चौक, नाशिक फाटा, रावेत, तळवडेसुद्धा. सिग्नलला रस्त्याकडे कमी, खाली जास्त बघायचो. मग हनीफभाईंकडून केबल परत जोडून घेतली. आणखी महिना गेला. गाडी नव्यासारखी चालते... एकदाही थरथरत नाही.

त्या व्हाय-व्हायच्या कागदावर चार 'का' लिहून झालेत. गाडी का बंद पडली, पेट्रोल का जास्त झालं, चोक का बाहेर आला, नॉबवर वजन कशाचं. पाचव्या 'का'च्या जागी मी काही लिहू शकलेलो नाही. ढिली केबल म्हणावं तर ती कडक होती. मनाचे खेळ म्हणावेत तर प्लग काळे होते, माझ्या तळहातावर ठेवले होते. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मला खरंच माहीत नाही.

गेल्या सोमवारी पुन्हा दापोडीला गेलो. हनीफभाई एका टेम्पोखालून बाहेर आले.

"आता काय झालं?"

"बंद पडत नाही हो," मी म्हटलं. "काहीतरी करा. केबल ढिली करून बघा, कायतरी."

त्यांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

"भाभी होत्या तेव्हा त्यांना पर्स काढायला लावलीत. गेल्यावर पण लावलीत, केबल काढून. आता कशाला बसतील त्या तुमच्या गाडीत?"