दोन टिकल्यांच्या मधला काटा

आमची गिरणवाली गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची. लोकांना वाटायचं, झोपली. झोपते कसली! कान लावून बसलेली असायची. मी गिअर बदलायला जरा उशीर केला की मिटल्या डोळ्यांनीच म्हणायची, "अहो, किंचाळतेय ती. पुढचा टाका." आणि घाई केली की, "आता कण्हतेय. मागचा टाका." कोपरी ते कल्याण टेम्पो चालवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे ऐकावं लागायचं. तेही घरच्या माणसाकडून.

गिरणवाली म्हणजे माझी बायको. डोंबिवली पश्चिमेला, कोपरला आमची पिठाची गिरण आहे, ती तीच चालवायची. सगळी आळी तिला गिरणवाली म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. गिरणीवरच तिचा कान तयार झालेला. दाणे जास्त पडले की मोटर दबते, संपत आले की सुटल्यासारखी पळते. ही पाठमोरी उभी राहून बायकांशी गप्पा मारत असायची आणि मोटरचा आवाज बदलला की न बघता हात मागे नेऊन दाणे कमी करायची. मी चौथी शिकलेला, ती सातवी. हे तीन इयत्तांचं अंतर तिने मला शेवटपर्यंत विसरू दिलं नाही.

टेम्पो विकून मी एक जुनी डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली. आता मला टेम्पोची सवय. सकाळी चावी फिरवली की आधी दोन दणदणीत रेस, आणि बंद करताना शेवटची एक रेस देऊन मगच चावी काढायची. आमच्या वेळचे सगळे ड्रायव्हर असंच करायचे. इंजिनाला सलाम केल्यासारखं. चार महिन्यांत गाडी निळा धूर ओकायला लागली, ओढ गेली. कळव्याला मिस्त्रीकडे नेली. ही सोबत आलेली, गव्हाची पिशवी मांडीवर घेऊन.

मिस्त्री म्हणाला, "काका, हिच्यात एक पंखा आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. लय जोरात फिरतो. त्याला सारखं तेल लागतं. तुम्ही थंड्या गाडीला रेस देता, तेव्हा तेल नीट पोचलेलं नसतं. आणि रेस देऊन बंद करता, तेव्हा पंखा गरगर फिरत असतो पण तेल थांबलेलं असतं. जळणार नाय तर काय?"

मी म्हणालो, "आम्ही जन्मभर असंच केलं."

गिरणवाली म्हणाली, "जन्मभर टेम्पो होता. हिला नका छळू."

मग तिने मिस्त्रीची शाळाच घेतली. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा कुठे असला की गिअर बदलायचा? तो म्हणाला, दीड हजाराच्या खाली असताना पाय दाबू नका, पंख्याला दम नसतो, नुसता धूर होतो. अडीचपर्यंत नेऊन पुढचा टाका, उगाच वर ताणू नका. चढावर दोनच्या खाली पडू देऊ नका, पडायच्या आधीच मागचा गिअर घ्या. लांबून आलात, चढ चढून आलात, की मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवा, मग बंद करा. हिने सगळं ऐकलं, टिकल्यांच्या पाकिटातून दोन टिकल्या काढल्या आणि काट्याच्या काचेवर चिकटवल्या. एक दीडवर, एक अडीचवर. "आता तुम्हाला वाचायची पण गरज नाही," म्हणाली. मिस्त्री पाना खाली ठेवून हसला.

त्यानंतर सत्तावन्नाव्या वर्षी तिने ड्रायव्हिंग शिकायचं काढलं. क्लासवाल्याने विचारलं, "मावशी, आता कशाला?" हिचं एकच कारण होतं. तिचं माहेर माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या अलीकडे. धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, एकदा सगळ्यांसमोर म्हणालेला, "आक्का, स्टिअरिंग म्हणजे पिठाचा डबा नव्हे." झालं. स्वतः गाडी चालवत घाट चढायचा आणि त्याच्या अंगणात नेऊन उभी करायची, हे तिने मनाशी धरलं. लायसन काढलं. खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर मी तिला गाडी द्यायचो. चांगली चालवायची, माझ्यापेक्षा चांगली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. घाट मात्र देत नव्हतो. कधी धुकं आहे म्हणायचो, कधी ट्रक फार आहेत. दोन वर्षं अशीच काढली.

मग गेल्या वर्षी आम्ही तिच्या पुतण्याच्या साखरपुड्याला निघालो. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, घाट लागला. मी ऐटीत तिसऱ्यात. काटा घसरत घसरत खालच्या टिकलीशी आला.

"दुसरा टाका," ती म्हणाली.

"मी टेम्पो भरून घाट तिसऱ्यात चढवलेत."

"टेम्पो तुमच्या धाकात होता. ही नाही. कण्हतेय बघा."

मी पाय दाबत गेलो. गाडी थरथरली, काळा धूर सोडला आणि वळणावरच बंद पडली. मागे एसटी. एसटीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मी हँडब्रेक ओढला, घाम पुसला. तेवढ्यात ही उतरून, वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभी. पदर खोचलेला.

"उतरा."

उतरलो. काय करणार? तिने गाडी चालू केली, रेसबिस काही नाही. पहिल्यातून निघाली, दुसरा टाकला, काटा दोनच्या वर ठेवला. मग तो पंखा जागा झाला आणि गाडीने अशी ओढ घेतली की मी सीटला टेकलो. तिसरा तिने कुठे टाकला, तर वळण संपून रस्ता सरळ झाल्यावर, काटा पडणार नाही एवढा वेग आल्यावर. तोवर नाही. माथ्यावर थांबली तेव्हा मी सवयीने चावीकडे हात नेला. फटकन मारला तिने हातावर. "दमलीय ती. मिनिटभर श्वास घेऊ दे." मी मान खाली घालून भजी आणायला गेलो.

आता खरं सांगतो. गाव दोन किलोमीटरवर राहिलं तेव्हा मी म्हणालो, "आता मी घेतो. पुढे रस्ता अरुंद आहे." रस्ता काही अरुंद नव्हता. दोन एसट्या शेजारी शेजारी जातील एवढा होता. सासुरवाडीत बायकोच्या बाजूला बसून उतरायची मला लाज वाटली. तिने माझ्याकडे बघितलं, गाडी कडेला घेतली आणि बाजूच्या सीटवर सरकली. अंगणात मी गाडी उभी केली. मेहुणा धावत आला, सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "वा दाजी! घाट काय चढवलात! या वयात!" मी 'चालायचंच' म्हणालो. ती बाजूला उभी होती.

परत येताना म्हणाली, "पुढच्या जत्रेला अंगणापर्यंत मीच." मी बरं म्हणालो. या वेळी खरंच देणार होतो. जत्रेच्या आधीच तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

तेराव्याला मेहुणा आला. जेवणं उरकल्यावर आम्ही बंद गिरणीच्या पायरीवर बसलो. मला राहवेना. म्हटलं, "अरे, त्या दिवशी घाट मी नव्हता चढवला. तुझ्या बहिणीने चढवला. मी कौतुक फुकट घेतलं."

तो खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक होतं, दाजी. तुम्ही भजी आणायला गेलात तेव्हा आक्काचा फोन आलेला, वरूनच. लय खूश होती. म्हणाली, आता बोल, पिठाचा डबा कुठंय?"

"मग अंगणात एवढ्या मोठ्याने माझं नाव का घेतलंस?"

त्याने टोपी काढून डोळ्यांना लावली. "गाव जवळ आलं की ते गाडी मागून घेणार, हे पण तिने तेव्हाच सांगितलेलं. म्हणाली, पाहुण्यांसमोर त्यांचं चांगलं दणकून कौतुक कर, आणि हसलास तर बघ."