दादाचं लंगडं इंजिन

गल्लीच्या तोंडाशी, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं अशा खोलीत तारवाल्यांचं दुकान आहे. जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. पंखे, पंप, मिक्सर, काय वाटेल ते. खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांनाही त्याचं सुखदुःख नाही.

या धंद्याची एक गंमत आहे. गंमत कसली, थट्टाच म्हणा. काम चांगलं झालं की ते लोखंडाच्या पोटात बंद होतं, पुन्हा कुणी बघत नाही. बघायची वेळ येते ती जळल्यावर. मग कुणीतरी पक्कड घेऊन ते कापतो आणि तार भंगारात जाते. सुतार गेला तरी त्याचं कपाट राहतं. तार भरणाऱ्याच्या मागे काही उरत नाही. इतकी वर्षं हे तारवाल्यांच्या मनातही आलं नव्हतं. मोठा भाऊ गेला तेव्हा आलं.

दादानेच त्यांना हे काम शिकवलं. दादा डावखुरा, आणि शिकवताना जीव नकोसा करणारा. धाकट्याने भरलेली तार तो बोटांत फिरवून बघायचा आणि एक शब्द न बोलता पक्कड लावायचा. कट्. "पुन्हा." धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हाच. "मोटारीला दयामाया कळत नाही," एवढंच म्हणायचा. रस्त्याच्या पलीकडे पंखा फिरत असला तरी नुसत्या आवाजावरून सांगायचा, याच्यात तारेचे वेढे कमी पडलेत म्हणून. आणि ते खरं निघायचं.

पण माणूस घरी आला की वेगळाच. आतल्या खोलीत मोठ्या टेबलावर त्याने खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ मांडले होते. संध्याकाळी हातपाय धुतले की तो तिथे बसायचा आणि वीतभर लांबीचं हिरवं इंजिन त्यावर सोडायचा. वहिनी त्याला आपली सवत म्हणायच्या. इंजिन मात्र लंगडायचं. दोन पावलं नीट, तिसऱ्याला अडखळायचं, पुन्हा दोन नीट. टुक-टुक, ट्ट. टुक-टुक, ट्ट.

"दादा, जगाच्या मोटारी सरळ करतोस आणि तुझंच इंजिन लंगडं! दिव्याखाली अंधार," तारवाले चिडवायचे.

"लंगडू दे," दादा म्हणायचा. "पोचतंय ना?"

दादाला जाऊन वर्ष झालं असेल. एका दुपारी वहिनी दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. हातात टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन.

"भावजी, हे बंद पडलं. धूर आला त्यातून."

"तुम्ही चालवत होतात?"

"रोज. संध्याकाळी घर खायला उठतं हो. हा आवाज असला की आतल्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं."

तारवाल्यांनी इंजिन नाकाशी धरलं. तारेवरच्या जळलेल्या वार्निशचा वास. आतल्या मोटारीची तार गेली होती, उघडून बघायचीही गरज नव्हती. दादाने भरलेल्या मोटारी गेल्या काही वर्षांत एकेक करून याच दुकानात जळून आल्या होत्या. त्या यांनीच कापल्या होत्या आणि तार भंगाराच्या डब्यात टाकली होती. तेव्हा दादा होता, म्हणून काही वाटलं नाही. आता दादाच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं. आणि दुरुस्ती म्हणजे ते कापणं.

"बघतो," ते म्हणाले, आणि बघितलंच नाही. संध्याकाळी पंखा आला तर सकाळी परत देणारा हा माणूस, पण इंजिन फळीवर ठेवलं आणि रोज त्याच्याकडे पाठ करून बसला. शेवटी त्यांनी पळवाट काढली. बाजारातून त्याच मापाची तयार मोटार आणली, इंजिनात बसवली, जुनी डबीत घालून ठेवली आणि वहिनींच्या घरी गेले.

इंजिन लोण्यासारखं धावलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनीच बटण बंद केलं.

"छान चालतंय, भावजी. पण हे ते नाही."

"वहिनी, जुनी मोटार करायची तर दादाचं काम कापावं लागेल. त्याच्या हातचं आता दुसरं काही राहिलेलं नाही." तारवाल्यांचा आवाज नको तितका चढला.

"त्यांचा हात तुम्हाला दिसतो, भावजी. मला तो आत कधी दिसला नाही. मला फक्त आवाज यायचा. तुम्हीच ठरवा आता."

दुसऱ्या दिवशी तारवाल्यांनी डबी उघडली. या धंद्यात कापण्याआधी वाचायचं असतं. तार कोणत्या बाजूने गेली, थर किती, शेवटची दोऱ्याची गाठ कशी मारली, सगळं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मोटारीच्या आत तीन खांब होते, प्रत्येकावर तारेचे वेढे. दोन खांबांवरची तार घट्ट, सरळ, अजून चकाकती. दोऱ्याच्या गाठी डावीकडे झुकलेल्या. दादाच्या. त्यांना धक्काही लागला नव्हता. काळा पडला होता तो तिसरा.

आणि तिसऱ्याची गाठ उजवीकडे झुकली होती.

त्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं. दादाने जन्मात अशी गाठ मारली नव्हती. काळं वार्निश खरवडून बघितलं तर तार वेडीवाकडी, एकीवर एक चढलेली, आणि वेढे बाकीच्या दोघांपेक्षा कमी. हा हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. नवीन नवीन शिकत असताना एकदा दादाने ही मोटार त्यांच्या तळहातावर ठेवली होती. "हा एक खांब तू भर." घामट बोटांनी त्यांनी तो भरला. दादाने बोटांत फिरवून बघितला, काही बोलला नाही, मोटार खिशात टाकली. घरी जाऊन पक्कड लावली असणार, असं धाकट्याने धरूनच चाललं होतं.

पक्कड लावलीच नव्हती. वेढे कमी म्हणून इंजिन लंगडत होतं, तोच खांब जास्त तापत होता आणि शेवटी तोच जळला. पंख्याच्या आवाजावरून चूक सांगणारा दादा ही चूक रोज संध्याकाळी, हौसेने, समोर बसून ऐकत होता.

तारवाले बाकावर बसून रडले. पंखा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने ते बघितलं आणि पंखा पायरीवर ठेवून हळूच निघून गेलं.

मग त्यांनी पक्कड घेतली. आपलीच तार कापली, डब्यात टाकली आणि "पुन्हा" असं मोठ्याने म्हणाले. नवी तार भरायला घेतली. किती वेढे हवेत ते आता बोटांनाच पाठ. पुरते भरले असते तर इंजिन सरळ धावलं असतं, पुन्हा जळलंही नसतं. बोटं थांबायला तयार नव्हती. जुन्या मोजणीला येऊन तारवाल्यांनी ती बळेच थांबवली आणि गाठ मारली. जाणूनबुजून कच्चं ठेवलेलं त्यांचं हे एवढंच काम.

संध्याकाळी त्यांनी इंजिन रुळावर ठेवलं. टुक-टुक, ट्ट. वहिनींनी खुर्ची ओढली आणि डोळे मिटून बसल्या.

"पुन्हा जळेल हे, वहिनी. वेढे कमी आहेत."

"मग पुरते का नाही भरलेत?"

"दादाने तसेच ठेवले होते."

"हो ना." वहिनींनी डोळे उघडले नाहीत. "मी एकदा म्हटलं होतं यांना, एवढं येतं तर हे नीट का नाही करत? तर केवढे ओरडले माझ्यावर! धाकट्याचं पहिलं काम आहे, म्हणाले, त्याला पक्कड लावायची नाही."

तारवाल्यांना दुकानातला भंगाराचा डबा आठवला.

"मी लावली, वहिनी," ते म्हणाले. "पण वेढे मोजून तेवढेच भरले."

"ते ऐकू आलं मला," वहिनी म्हणाल्या.