मारोतराव भाऊजीचा राउटर

माझे दीर, मारोतराव भाऊजी, दुकानात कोणतीही वस्तू पहिले हातात उचलून तोलतात. जड असली तं चांगली. हलकी असली तं "हे काय दोन दिवस टिकते?" म्हणून वापस. चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सले होते, तिथं हलकं असं काही नसतेच. संसारातला पहिला कुकर घ्याले गेले तवा दुकानातले सगळे कुकर उचलून पाह्यले होते. त्याईच्या लग्नासाठी मथुराले पाहाले गेलो तवा मी सोबत होती म्हणून बरं, नाही तं तिलेही उचलून पाह्यलं असतं.

रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण वैशाली नगरातलं घर अजूनही प्लांटच्याच कायद्यानं चालते. पाण्याच्या मोटरवर पाटी लटकते, 'काम चालू आहे, बटन दाबू नये'. मिक्सर दुरुस्त कराचा असला तं आधी घराची मेन स्विच बंद, तिच्यावर कुलूप, अन् चाबी खिशात. मी बाजूच्याच गल्लीत राहते. एकदा चहाले गेली तं सगळे पंख्याबिना घाम पुसत बसलेले. "वैनी, शटडाऊन आहे," म्हणे.

यंदाच्या उन्हाळ्यात रेणूचं प्रकरण झालं. रेणू म्हणजे त्याईची सून, भूपेंद्रची बायको. भूपेंद्र कुम्हारीच्या कारखान्यात जाते, सकाळी निघाला की संध्याकाळीच घरी. रेणूले रायपूरच्या एका कंपनीत घरूनच काम भेटलं होतं. दवाखान्यात भरती लोकाईच्या विम्याचे कागद पाहाचे अन् त्याईच्या घरच्याईसंगं व्हिडिओवर बोलाचं. पदरात दहा महिन्याची पोरगी, तिच्यासाठी याहून चांगलं काम कोणतं? पण कॉल मधातच तुटे. एका माणसाचा बाप आयसीयूत होता, तो बिचारा रडून राहिला अन् इकडं रेणूचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून अटकला. त्यानं तक्रार केली. साहेबानं रेणूले सांगितलं, "पुढच्या सोमवारी तुझ्या कॉलवर मी स्वतः बसतो. त्या दिवशी लाईन तुटली तर घरून काम बंद. रोज ऑफिसात यायचं."

रोज रायपूर म्हणजे सकाळी आठले घर सोडणं अन् रात्री आठले घरात पाय ठेवणं. एवढीशी पोरगी टाकून ते होत नाही. म्हणजे नोकरीच गेली. रेणूनं हे जेवताना सांगितलं. रडली-गिडली नाही, भाजी वाढत वाढत सांगितलं. भाऊजीचा हात ताटातच थांबला.

"माह्या घरात लाईन तुटते?" म्हणे. "सोमवारले आठ दिवस आहेत. राउटर मी पाहतो, बेटा. तू टेन्शन घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी आमी कॅम्प-1 च्या बाजारात प्रेरणाच्या दुकानात. प्रेरणा धोंडबाची पोरगी. धोंडबा अन् भाऊजी एकाच शिफ्टमध्ये वीस वर्षं होते, तवा भाऊजीले दुसऱ्या दुकानाची पायरी चढणं जमत नाही. मले चार्जर पाह्यजे होता. खरं सांगू तं तमाशाही पाहाचा होता.

प्रेरणानं चार राउटर काउंटरवर मांडले. भाऊजीनं एकेक उचलला.

"हा हलका आहे."

"काका, वजन से क्या होता है? राउटर आहे, तराजूचा बाट थोडी आहे," प्रेरणा म्हणे. "मले हे सांगा, घरात खोल्या किती? एका वेळी किती जण चालवतात? जुना दिवसातून किती वेळा बंद-चालू करावा लागते?"

"खोल्या पाच. चालवणारे चार. बंद-चालू चारदा, कधी पाचदा. गरम होते लेकाचा."

"मग तो बदलाच. मधला घ्या, दोन बँडवाला. एक बँड दूर जाते पण हळू, दुसरा फास्ट आहे पण भिंत मधात आली की दमते. पाच खोल्याले दोन्ही पाह्यजेत. अन् याची गॅरंटी इथंच भिलाईत भेटते, पार्सल करून कुठं पाठवावं नाही लागत. हा सहा अँटेनावाला दिसाले भारी आहे, पण तुमाले काही गरज नाही."

भाऊजी सहा अँटेनावाल्याकडंच पाहून राहिले होते. मी म्हटलं, "भाऊजी, खेकडा पाळाचा आहे का?" तवा कुठं त्याईनं मधला उचलला. प्रेरणा म्हणे, "काका, मी येऊन लावून देते ना. जागा पाहावी लागते." भाऊजीनं तिच्याकडं असं पाह्यलं का जणू तिनं त्याईले लहान पोरासारखं दूध पाजते म्हटलं. "मी मेंटेनन्सचा माणूस आहो, बेटा."

अन् इथंच घोळ झाला.

दोन दिवसानं मी त्याईच्या घरी गेली तं दारापाशी, जिथून नेटची तार आत येते, तिथं भिंतीवर एक राखाडी डबा. लोखंडी. दाराले बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूले कुलूप, खाली अर्थिंगची तार, अन् समोर लाल रंगात 'राउटर'.

"हे काय जी भाऊजी? दागिने ठेवले का आत?"

"पॅनल आहे, वैनी. सोळा गेजची शीट. वेल्डिंग मीच उभं राहून करवून घेतली. धूळ नाही, पाल नाही, पोरीचा हात नाही."

"अन् त्याचा जीव नाही घाबरत का आत?"

हसले नाहीत. रजिस्टर काढलं. ट्रायल रन चालू होती म्हणे, तीन शिफ्ट. ए शिफ्टले मथुरा, बी शिफ्टले ते स्वतः, सी शिफ्टले भूपेंद्र. दर दोन तासानं मोबाइल घेऊन सगळ्या खोल्याईत फिराचं अन् सिग्नलच्या किती दांड्या दिसतात ते लिहाचं. मथुरानं माह्या कानात सांगितलं, "वैनी, मले दांड्या दिसतच नाही चष्म्याबिना. मी सगळीकडं तीन लिहून देते."

पण भाऊजीचं स्वतःचं रीडिंग खरं होतं. समोरच्या खोलीत दोन दांड्या. मागं रेणूच्या खोलीत एक, तीही येत-जात. आतून वाफ निघावी इतका तो डबा तापलेला. भाऊजीनं निष्कर्ष काढला, माल खराब. गेले, प्रेरणाकडून बदलून आणला. ह्यावेळी तोच खेकडा, सहा अँटेनावाला, कारण जड. अँटेना डब्यात मावत नव्हते तं ते मोडून आडवे केले अन् कुलूप लावलं. रेणूच्या खोलीत परत एक दांडी.

शुक्रवारी रेणू मले म्हणे, "मोठ्या आई, मी रायपूरच्या बसचा टाइम पाहून ठेवला. बाबाले नका सांगू." पोरीले मांडीवर थोपटत बोलत होती, अन् थोपटणं एकाच तालात चालू होतं, थांबतच नव्हतं.

 शनिवारी भाऊजी खेकडा पिशवीत टाकून निघाले तवा म्हटलं, चला, मीही येते दुकानात.

तिथं भाऊजी चिडले. "धोंडबाची पोरगी असून मले असा माल देते? तुझ्या बापासंगं वीस वर्षं काढली मी!"

प्रेरणाचं तोंड उतरलं. पण पोरगी शांत. म्हणे, "काका, दोन-दोन राउटर सारखे खराब नसतात. लावला कुठं होता?"

"पॅनलमध्ये. सोळा गेज."

"लोखंडाच्या?"

"मग काय पुठ्ठ्याच्या?"

प्रेरणानं डोक्याले हात लावला. "काका, बाहेरचं काही आत जाऊ नये असा डबा बनवला तुमी. मग आतलं सिग्नल बाहेर येईल कुठून? लोखंडातून ते नीट जातच नाही. लिफ्टमध्ये फोन कटते, माहीत आहे ना?"

दुकानात दोन गिऱ्हाईक होते, ते हसले. मी नाही हसली. मले त्याईचा चेहरा दिसत होता.

वापस येताना ऑटोत भाऊजीनं खिशातून डब्याची चाबी काढली. मग म्हणे, "वैनी, श्यामराव आठवते? आमच्या शिफ्टचा?"

आठवते ना. श्यामरावचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. पॅनलचं दार उघडं राहिलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी कोणीतरी लावलं नाही.

"दार लावाची पाळी माझी नव्हती," भाऊजी म्हणे. "तरी तवापासून मले उघडं काही पाहावत नाही. मले मालूम आहे वो, याच्यात बाराच व्होल्ट आहे. बाराले कोणी मरत नाही. पण हात आपोआप कुलपाकडं जाते."

मी म्हटलं, "मग हात दुसऱ्या कामाले लावा. रेणूनं बसचा टाइम पाहून ठेवला आहे."

तिनं सांगू नको म्हटलं होतं. सांगितलं. ऑटोवाल्याले भाऊजीनं तिथंच थांबवलं अन् आमी परत दुकानात गेलो. प्रेरणाची माफी मागणं त्याईले जमलं नाही, पण खेकडा वापस करून पहिलावाला मधलाच घेतला, अन् म्हणे, "चल बेटा. जागा तू दाखव."

रविवारी प्रेरणा आली. फोन घेऊन घरभर फिरली अन् खोल्याईच्या मधातल्या बोळीत थांबली. इथून सगळ्या खोल्या सारख्याच लांब आहेत, माणसाच्या डोक्याहून वर लावा, फ्रिजपासून दूर, अन् मोकळ्या हवेत. तेवढं सांगून ती गेली. मग जे भाऊजीनं केलं ते मात्र कोणाले जमलं नसतं. दारापासून बोळीपर्यंत तार नेली, दर वीतभर अंतरावर क्लिप, वळणावर तार कुठं मोडली नाही, अन् कुठं लोंबली नाही. सत्तरीकडं झुकलेला माणूस स्टुलावर, मथुरा खाली स्टूल धरून, अन् मी बाजूले उभी राहून सल्ले देत. लाईट गेली तं बंद पडू नये म्हणून प्रेरणानं दिलेली छोटी बॅटरी त्याईनं बाजूलेच बसवली. संध्याकाळी रेणूच्या खोलीत चार दांड्या. हे रीडिंग मथुराले लिहू दिलं नाही.

सोमवारी अकराले कॉल. पोरगी माह्याकडं. भाऊजीनं बोळीत खुर्ची टाकली, जणू राउटर कुठं पळून जाते. मथुराले भांडी घासाची मनाई. मी म्हटलं, भांड्यानं नेट तुटत नाही जी. "आवाज जाते," म्हणे.

अकरा वीसले लाईट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, सगळ्या मोहल्ल्यात एकदम शांतता. भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. राउटरचा हिरवा दिवा तसाच. अन् आतून रेणूचा आवाज येतच होता, "हाँ अंकल, डिस्चार्ज का कागज़ दिखाइए, हाँ, थोड़ा पास लाइए," एकही शब्द न अडखळता. पोरगी माह्या खांद्यावर झोपून गेली होती. भाऊजी तसेच अर्धे उठलेले राहिले, पाच मिनिटं तरी, मग हळूच बसले.

पाऊण तासानं रेणू बाहेर आली. केसाले घाम, कपाळाले घाम.

"काय म्हणे साहेब?" भाऊजी.

"काही नाही, बाबा. दोन फाइली उशिरा भरल्या म्हणून बोलले. बाकी घरूनच कर म्हणे."

"अन् लाईनचं?"

"लाईनचं काहीच नाही बोलले. नावच नाही काढलं."

"नावच नाही काढलं?" भाऊजीनं माह्याकडं पाह्यलं. "वैनी, एवढे दिवस मेहनत केली अन् नावच नाही काढलं!"

त्याईच्या आवाजानं जागी झालेल्या पोरीले रेणूनं माह्या खांद्यावरून घेतलं अन् म्हणे, "बाबा, आता दुपारी दोनले दुसरा कॉल आहे. तवापर्यंत हिले तुमी झोपवाल का?"