मास्तरांची मनातली बेल

मास्तरांना स्वस्थ बसता येत नसे. मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं गेलेला माणूस आणि स्वस्थ बसता येत नाही, हे ऐकून कोणाला हसू येईल; पण मी आठ महिने त्यांच्यासमोर बसले आहे. डोळे दारावर, मग खिडकीवर, मग माझ्या मनगटावरच्या घड्याळावर, पुन्हा दारावर. भुवया सारखं काहीतरी विचारत असायच्या. आणि आमच्या कामाला नेमका स्वस्थ बसणारा माणूस हवा होता.

ते एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, पनवेल-पेण फेरीला. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेच नाव आमच्याकडेही चिकटलं. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोच शिरढोणजवळच्या घरी गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसवायला चढले, पाय घसरला आणि मान मोडली. खांदे आणि कोपर थोडेफार चालत. मनगटाच्या पुढे काही नाही. मी पनवेलच्या एका रुग्णालयात मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या प्रकल्पावर तंत्रज्ञ आहे. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि सांगायचं, उजवी मूठ मिटताय अशी कल्पना करा. हात हलत नसला तरी डाव्या कानाच्या वर मेंदूत एक लय चालू असते, ती मंदावते. ती पकडून हातमोज्यातली मोटर चालवायची, म्हणजे हातमोजा बोटं मिटवून देणार, असा सगळा बेत.

पहिल्या दिवशी टोपी डोक्यावर टिकेचना. केस तेलानं चप्प. ‘तेल लावून येऊ नका’ असं फोनवर बजावलं होतं, तरी पुढच्या वेळी तेच. तिसऱ्यांदा मी भडकले. त्यांची बायको, म्हणजे काकू, शांतपणे म्हणाल्या, “तालुक्याला जायचं ते काय कोरड्या डोक्यानं? लोक काय म्हनतील, नवरा पडलाय तर बायकोनं टाकला?” मी शाम्पूची बाटली आणून ठेवली आणि दर गुरुवारी मास्तरांचं डोकं स्वतः धुऊ लागले. ते डोळे मिटून म्हणायचे, “सावकाश ताई, आत डोकं पन हाय.”

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. “मना पानी माज्या हातानं प्यायचं हाय, बस्स.” मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, “एवढंच कसं? मना दर घोटाला ही लागते. हिची बहीन मोऱ्याला, बंदरावर, आजारी पडून हाय. तीन वरसं झाली, ही मना सोडून कुठं गेली नाय. मी पानी प्यायलो तर ही मोऱ्याला जाईल.” काकू तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

पण पडद्यावर काही उमटेना. मूठ मिटा म्हटलं की मास्तर प्रामाणिकपणे कपाळाला आठ्या घालत, आणि रेघा ढिम्म. एकदा वैतागून म्हणाले, “कशावर मिटू मूठ? उगाच कोन मूठ मिटतो?” खरंच होतं ते. मी विचारलं, तुमचा हात आयुष्यभर काय करत होता? “बेल देत होता. दोरी वडायची. दोन वेळा.” मग त्यांनी दोरीच सांगायला घेतली. हजार हातांचा घाम प्यायलेली, चिकट, मधे एक गाठ. गाठीच्या जरा अलीकडे धरायची, नाहीतर बोट सोलतं. ते गाठीपाशी आले आणि पडद्यावर ती लय झपकन खाली गेली. मी खुर्चीतून उठलेच. इतकी वर्षं आम्ही लोकांना हालचाल विचारत होतो. बोटांना काय लागतं ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आनंद पंधरा दिवस टिकला. पडद्यावर बाण आला की बेल द्यायची आणि बाण नसताना काही करायचं नाही, असा नियम होता. मास्तरांची बेल बाणाच्या आधीच वाजायची. कधी चार सेकंद आधी, कधी उगाच मधेच. अशा माणसाला हातमोजा देता येत नाही. तो केव्हाही बोटं आवळेल. आमच्या सरांनी त्यांचं नाव यादीतून काढायचं ठरवलं. मी मास्तरांवर ओरडले, बाण दिसत नाही का तुम्हाला? तेही चिडले. “बान कोन लागून गेला? म्हातारी पायरीवर हाय का आत आली, ते बघून बेल द्यायची असते. बानाच्या भरोशावर दिली तर मानूस खाली पडंल!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाण दाखवत होते आणि हा गृहस्थ मनात अख्खी पेणची फेरी मारत होता. पळस्प्याला माणसं घेत होता, शिरढोणला उतरवत होता, आणि वेळ झाली की बेल देत होता.

“मास्तर, गाडीत कंडक्टर कधी काहीच करत नाही?”

ते विचारात पडले. मग म्हणाले, “ड्रायव्हर चहाला गेला की. तो नाय तर बेल देऊन काय फायदा?”

मी बाण काढून टाकला. ‘ड्रायव्हर चहाला गेला’ म्हटलं की मास्तर थांबत, ‘ड्रायव्हर आला’ म्हटलं की बेल. सरांनी कपाळाला हात लावला, पण आकडे पाहून नाव यादीत ठेवलं. थांबणं वेगळं दिसत होतं, बेल वेगळी दिसत होती. आठ महिन्यांत, ड्रायव्हर चहाला गेलेला असे तेवढ्याच वेळी मी त्यांचे डोळे एका जागी पाहिले.

हातमोजा टोपीसकट सहा आठवडे त्यांच्या घरी होता; मनात बेल दिली की बोटं बाटलीवर मिटत. पहिल्यांदा बाटली तोंडाशी नेली तेव्हा अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि मास्तर ओल्या अंगानं ओरडले, “हात लावू नको कोनी!” चौथ्या आठवड्यात काकू मोऱ्याला गेल्या. सकाळी टोपी आणि हातमोजा चढवून गेल्या, संध्याकाळी परत. येताना बहिणीनं दिलेले सुके बोंबील घेऊन आल्या, त्यातले मलाही दिले.

मग प्रकल्पाची मुदत संपली. यंत्र परत करायचं असतं. ते न्यायला मीच गेले. दुसऱ्या कोणाला पाठवणं मला भ्याडपणाचं वाटलं. बोटांवरचे पट्टे एकेक सोडवताना मी काहीबाही बोलत होते, पुढच्या प्रकल्पाचं, नव्या अर्जाचं. मास्तरांनी मला बोलू दिलं. काकू आत भांडी घासत होत्या, वाजवून घासत होत्या.

हात मोकळा झाल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, आता मी मनात बेल दिली तर ती कोनाला कलनार?”

मी म्हटलं, कोणाला नाही.

“पयली पन कोनाला कलत नव्हती. तवा काय वाटत नव्हतं.”

रिक्षात बसेपर्यंत मी धड होते. मग पिशवी मांडीवर धरून पळस्प्यापर्यंत रडले, आणि मला राग आला होता. सरांचा, मुदतीचा, सगळ्यात जास्त माझाच.

नवा प्रकल्प अजून आलेला नाही. मधल्या काळात काकूंची बहीण गेली, आणि काकू पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. मी दुसऱ्या माणसांना टोप्या घालते. सही घेण्याआधी ‘यंत्र परत द्यावं लागेल’ ही ओळ आता मी मोठ्यानं वाचते, थांबून पुन्हा वाचते. सगळे हो म्हणतात. मास्तरही हो म्हणाले होते.